बरणीवरची गाठ

कल्याणात पारनाक्याजवळ राहणाऱ्या गोपीनाथरावांना गाव डॉक्टर म्हणे आणि सरकार हॉस्पिटल असिस्टंट म्हणे. त्यामुळे पगार सरकारच्या शब्दाप्रमाणे मिळे आणि रोगी गावाच्या शब्दाप्रमाणे येत. माणूस हुशार, हाताला यश असलेला, पण जिभेला हाड नाही. पोट धरून आलेल्याला आधी विचारायचे, "काल कुणाच्या लग्नात चरलास?" आणि मग नाडी बघायचे. लोक ऐकून घेत, कारण औषध लागू पडे.

त्यांना एकच वेड होतं. जे मेलेलं सापडेल ते उघडायचं आणि आत देवानं काय काय कसं बसवलंय ते बघायचं. बेडूक, घूस, खाडीतला मासा, काही वर्ज्य नाही. मागच्या पडवीत त्यासाठी एक टेबल होतं, त्यावर भिंग, चिमटे, सुया. त्यांची बायको कमळाबाई म्हणायची, "लोकांच्या घरी बाजारातले खेकडे थेट चुलीवर चढतात. आमच्याकडे आधी त्यांची चौकशी होते, मग कालवण." म्हणायची खरी, पण चौकशी झालेल्या खेकड्याचं कालवणही ती मन लावून करायची.

हे वेड बापाकडून एकुलत्या एक मुलाकडे, रघूकडे, सहीसलामत उतरलं. रघूनं मात्र डॉक्टरकी न करता तारायंत्राचं काम शिकून घेतलं आणि एके दिवशी घरी येऊन सांगितलं, की आपल्याला समुद्रातल्या तारेच्या जहाजावर नोकरी मिळाली. जातीतल्या चार वडीलधाऱ्यांनी समुद्र ओलांडण्यावरून कुरकुर केली. गोपीनाथरावांनी त्यांना त्यांच्या मूळव्याधीची आठवण करून दिली, तेव्हा ते गप्प बसले. कमळाबाईनं एवढंच म्हटलं, की जहाज मुंबईला लागलं की पहिली गाडी पकडून घरी यायचं. तो तसा येत राहिला.

मुंबईहून एडनला जाणारी तार समुद्राच्या तळावर पडलेली असे. ती कुठे तुटली की रघूचं जहाज तिथवर जाई, लोखंडी गळ खाली सोडी आणि हजार हजार वाव, म्हणजे सहा-सहा हजार फूट, खोलातून ती वर ओढून काढी. टोकं जोडायची, पलीकडून संदेश येतो का ते रघूनं तपासायचं, आणि तार पुन्हा खाली सोडून द्यायची. अशाच एका खेपेला वर आलेल्या तारेला एक प्राणी चिकटून होता. रघूनं तो स्पिरिटच्या बरणीत घालून घरी आणला.

बापलेकांनी बरणी पडवीच्या उजेडात धरली आणि दोघंही जेवणवेळ विसरले. तो खेकडा नव्हता, कोळंबी नव्हती, आणि शेवंडही म्हणता येत नव्हता. वीतभरातला जीव. अंगावर ढालीसारखी पाठ, तिच्यावर आडव्या वळ्या, प्रत्येक वळीला बारीक केसांची झालर. शेपटी पोटाखाली दुमडून घेतलेली. नांग्या अंगापेक्षा लांब. आणि कपाळावर काट्यासारखी चोच, तिच्या दोन्ही बाजूंना डोळ्यांचे दोन खुंट होते, पण त्यांत डोळ्यांचा काळा ठिपकाच नव्हता. जिथं उजेड कधी पोचलाच नाही तिथं डोळे करायचे तरी काय? स्पिरिटमध्ये राहून त्याचा रंग धुऊन निघाला होता आणि तो शिजवलेल्या भातासारखा पांढरा दिसत होता.

गोपीनाथरावांजवळ असतील नसतील तेवढी पुस्तकं दोघांनी उलटली. असा प्राणी कुठे सापडेना. रघूचे डोळे लकाकले. नवा प्राणी सापडला तर त्याच्या अवयवांचं बारीक वर्णन लिहून छापायचं असतं, आणि जो पहिल्यांदा छापतो त्यानं दिलेलं नाव जगबुडीपर्यंत टिकतं, हे त्याला ठाऊक होतं. नावाचा पहिला भाग कुळाचा, दुसरा आपल्या मर्जीचा. तो म्हणाला, दुसरं नाव बाबांचं देऊ. गोपीनाथराव म्हणाले, "या वयात मला खेकड्यांच्या गोत्रात घालू नकोस." पण दिवसभर ते खुशीत होते, हे कमळाबाईनं ओळखलं.

रजा संपत आली तेव्हा बाहेरून दिसणाऱ्या भागाचं निम्मं वर्णन झालं होतं. तोंडाचे अवयव आणि कल्ले बघायचे तर पाठीची ढाल उचलून प्राणी सुटा करायला हवा होता, आणि प्राणी एकच होता. चुकला तर दुसरा कुठून आणणार? त्याला दोन शांत दिवस हवे होते. निघायच्या सकाळी रघूनं बरणीच्या तोंडावर मेणकापड घातलं, वरून डांबर लावलेली बारीक दोरी गुंडाळली आणि जहाजावरची एक गाठ मारली.

"बाबा, मी येईपर्यंत हा कापायचा नाही. आत जाताना मला बरोबर घ्यायचं."

"आणि तुला उशीर झाला तर?"

"म्हणून तर गाठ मारली. ही माझ्याशिवाय कुणाला सुटायची नाही."

गोपीनाथरावांनी शब्द दिला. कमळाबाईनं बरणी माजघरातल्या कोनाड्यात, रघूच्या ट्रंकेच्या वर ठेवली.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी जहाजाला इराणच्या आखाताकडे जाणाऱ्या तारेच्या कामावर धाडलं. तिथे मकराणच्या, म्हणजे कराचीपलीकडच्या, किनाऱ्याला तारेचं टोक जमिनीवर न्यायला जहाजावरून एक होडी निघाली आणि फुटत्या लाटांत उलटली. होडीत रघू होता. कुणाचंच प्रेत मिळालं नाही. ज्या तारेची डागडुजी करायला तो गेला होता, त्याच तारेवरून ही बातमी मुंबईला आली.

गोपीनाथराव मुंबईला गेले, कंपनीच्या कचेरीत बसले, जहाज परत आल्यावर खलाशांना भेटले. होडी उलटलेली सगळ्यांनी पाहिली होती. तिथल्या लाटा कशा असतात तेही त्यांनी सांगितलं. परत येऊन त्यांनी कमळाबाईला सगळं सांगितलं, एखाद्या रोग्याच्या घरच्यांना सांगावं तसं, काही न लपवता. तिनं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "रघूला बुडताना कुणी पाहिलं?" तसं कुणी पाहिलं नव्हतं. "मग झालं," ती म्हणाली, आणि ताटं वाढायला उठली.

घरचे उपाध्याय बाळंभट आले. ते म्हणाले, देह मिळाला नाही म्हणजे पालाशविधी करावा लागतो. पळसाच्या पानांचे देठ घ्यायचे, शास्त्रानं माणसाच्या अंगात जेवढी हाडं सांगितलीत तेवढे, त्यांचा पुतळा करायचा, त्यालाच देह मानून अग्नी द्यायचा. तेव्हा कुठे सुतक लागतं आणि फिटतं. तोवर जीव ना इकडचा ना तिकडचा. गोपीनाथरावांचा एरवी बाळंभटांच्या शास्त्रावर फार जीव नव्हता, पण हे त्यांना पटलं. कमळाबाईला पटलं नाही. ज्याला कुणी मेलेला पाहिलं नाही त्याला मी जाळू देणार नाही, असं तिनं माजघराच्या दारातूनच सांगितलं.

तिला बळ दिलं ते बायजानं. बायजा खाडीपलीकडच्या आगऱ्यांच्या पाड्यातली, वर्षानुवर्षं त्यांच्याकडे मासळी घालणारी. तिचा नवरा मिठाच्या होडीवर गेलेला परतला नव्हता. ती ओट्यावर टोपली ठेवून म्हणाली, "खारा पानी कुनाला काय परत देत नाय, बाई. पन तुमी वाट बगा. मी बी बगतंय." कमळाबाईनं त्या दिवसापासून मासळी घेणं बंद केलं. समुद्रात जे जे राहतं त्यानं काय खाल्लं असेल याचा विचार करवत नव्हता. पण बायजा येत राहिली आणि दोघी रिकाम्या टोपलीशी बसून बोलत राहिल्या.

असं वर्ष गेलं. दर शुक्रवारी कमळाबाई दुर्गाडीच्या देवीची ओटी भरायला जाई. रोज ताट वाढताना रघूचा पाट भिंतीशी टेकवून ठेवी. आणि जेव्हा जेव्हा गोपीनाथराव विधीचं काढत, तेव्हा ती कोनाड्याकडे बोट दाखवी. "त्यानं तुमच्याकडून शब्द घेतलाय. यायचं नसतं तर कशाला घेतला असता?" गोपीनाथराव चिडत. समुद्राचं पाणी, लाटांचा जोर, माणसाची छाती किती वेळ श्वास धरते, सगळं सांगत. एवढ्या वेळा सांगत, की ऐकणाऱ्याला वाटावं, हे बायकोला नाही, स्वतःलाच समजावतायत. बुडत्याला काडीचा आधार ही म्हण मात्र त्या घरात वर्षभर कुणी तोंडातून काढली नाही.

पावसाळा सरला आणि एक दिवस गोपीनाथरावांच्या ध्यानात आलं, की बरणीतलं स्पिरिट उतरलंय. मेणकापड कितीही घट्ट असलं तरी स्पिरिट उडून जातंच. प्राण्याची पाठ उघडी पडली होती आणि ढालीच्या कडेला काळपट डाग दिसायला लागला होता. नवं स्पिरिट घालायचं म्हटलं तरी गाठ सोडावी लागणार होती. चार-सहा आठवडे असेच गेले असते तर हजार वावांवरून आलेला तो जीव कल्याणातल्या कोनाड्यात कुजला असता. त्यातच मुंबईच्या निसर्गाभ्यासकांच्या मंडळीतल्या एका साहेबानं त्यांना कळवलं, की तोंड आणि कल्ले यांच्यावाचून वर्णन छापता यायचं नाही, आणि सिंहलद्वीपाजवळ एका जहाजाला असाच काहीसा प्राणी मिळाल्याचं कानावर आहे. म्हणजे नाव दुसऱ्या कुणाचं लागणार. रघूचं म्हणून जगात जे एक राहायचं होतं, तेही जाणार.

कमळाबाईला सांगितलं असतं तर ती नाही म्हणाली असती. म्हणून त्यांनी सांगितलं नाही. आयुष्यभर तोंडावर बोलणारा हा माणूस पहिल्यांदाच बायकोपासून लपून काही करायला निघाला, आणि ज्याला सवय नाही त्याला लपवालपवी साधत नाही.

शुक्रवार बघून, ती दुर्गाडीला गेल्यावर, त्यांनी बरणी मागच्या पडवीत आणली. आधी गाठ सोडवायला बसले. नखांनी, सुईनं, चिमट्यानं. माणसाच्या अंगातल्या शिरा सुट्या करणारा हात, पण ती दोरी त्याला दाद देईना. एक फेरा ढिला करावा तर दुसरा आवळे. शेवटी त्यांनी चाकू घेतला आणि दोरी कापली.

प्राणी बाहेर काढून त्यांनी पाण्याच्या परातीत ठेवला आणि कामाला लागले. आधी तोंड. बाहेरच्या पायांसारख्या पट्ट्या दूर केल्या, की आत आणखी पातळ पट्ट्या, त्यांच्या आत चाळणीसारखे केस, आणि सगळ्यांच्या खाली दोन आखूड, भक्कम जबडे. प्रत्येक जोडी सुईनं सुटी करून त्यांनी कागदावर क्रमानं मांडली, चित्र काढलं, माप घेतलं. मग पाय. नांग्यांची जोडी आणि मागे चालायच्या पायांच्या तीन जोड्या, त्यांत उजवीकडचे दोन पाय बुडाशी तुटलेले. इथे ते अडले. शेवंडाच्या भाऊबंदांना पाच जोड्या असायला हव्यात. इथे चारच भरत होत्या. त्यांनी तीन-तीनदा मोजलं. पाचवी गेली कुठे?

मग त्यांनी पाठीची ढाल हळूच उचलली. खाली पिसासारखे कल्ले होते, आणि त्या कल्ल्यांच्या पोकळीत, बाहेरून कुणालाही दिसू नये अशी, पाचवी जोडी घडी घालून ठेवली होती. दोऱ्याइतकी बारीक. टोकाला इवलीशी नांगी आणि तिच्यावर केसांचा झाडू. चालायला उपयोग नाही, लढायला नाही. आपल्याच कल्ल्यांत साचलेला गाळ झाडून काढायचा, एवढंच तिचं काम असावं. काळोखात, कुणी बघत नसताना, हा आंधळा जीव हजार वावांखाली बसून आपलं घर झाडत होता.

गोपीनाथरावांना हसू फुटलं. वर्षात पहिल्यांदा त्यांच्या छातीवरचा दगड हलला आणि त्यांच्या तोंडून मोठ्यानं, सहज, निघून गेलं, "रघू, अरे ये लवकर, हे बघ!"

पुढच्या दारात भांडं पडल्याचा आवाज झाला.

कमळाबाई नुकती उंबऱ्यात आली होती. ओटीचं ताट तिथंच टाकून ती माजघरातून धावत आली, पदर खांद्यावरून गळलेला, या वयात तिला असं धावताना कुणी पाहिलं नसेल. ती पडवीत आली, मागचं दार, विहीर, केळीचा वाफा, सगळीकडे तिची नजर भिरभिरली.

"कुठाय? कधी आला?"

गोपीनाथराव उठून उभे राहिले. मग तिची नजर टेबलावर आली. उघडी बरणी, परात, कागदावर ओळीनं मांडलेले तुकडे. त्यांनी खूप वेळा मनाशी ठरवून ठेवलं होतं, की तिला कळलंच तर काय सांगायचं. स्पिरिटचं, डागाचं, साहेबाच्या निरोपाचं. त्याऐवजी त्यांनी हातातली सुई कागदाशेजारी ठेवली.

तिनं दोरीचे तुकडे उचलले. कापलेली टोकं बोटानं चाचपून बघितली. गाठ जशीच्या तशी होती.

"सुटली नाही?" तिनं विचारलं.

"नाही."

ती ते तुकडे मुठीत धरून आत गेली. उंबऱ्यात सांडलेले तांदूळ वेचायचा आवाज बराच वेळ येत होता. गोपीनाथराव पडवीत उभेच होते. बायकोच्या तोंडावरचा तो क्षणभराचा आनंद त्यांनी बघितला होता आणि तो आपण दिला होता, हे त्यांना सोसवत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी त्यांचं जेवण झाल्यावर ती म्हणाली, "बाळंभटांना बोलवा. काय ते करून घेऊ."

वर्षभर हेच तर ते मागत होते. आता मिळालं तेव्हा तेच मागे सरले. ते म्हणाले, एवढी घाई काय आहे. रागात ठरवू नकोस. प्राणी कापला म्हणून रघू मेला असं होत नाही.

"रागावले नाही मी," कमळाबाई म्हणाली. "मी वाट बघत होते ती तुमच्या जिवावर. एक जण भानावर असला की दुसऱ्याला वाट बघता येते. परवा तुम्हीच त्याला हाका मारायला लागलात. दोघांनी वाट बघितली तर या घराकडे कोण बघणार?"

गोपीनाथरावांना तेव्हा कळलं, की आपण वर्षभर काय करत होतो. रोज पोराला मेला म्हणत होतो आणि रोज बायको नाही म्हणते का, ते ऐकत होतो. ती नाही म्हणाली की तेवढ्यावर एक दिवस निघायचा. मोठमोठी कारणं सांगून ते हरायलाच बसत होते. आता हरवणारं कुणी उरलं नव्हतं.

विधीच्या आदल्या दुपारी ते वर्णन पुरं करत बसले होते. कमळाबाई सूप घेऊन जवळ येऊन बसली. काय लिहिलंत, म्हणाली. त्यांनी इंग्रजीतलं मराठीत करून वाचून दाखवलं. पाठीच्या वळ्या, नांग्या, तोंडाच्या पट्ट्या, दडवून ठेवलेली पाचवी जोडी. डोळ्यांचे खुंट आहेत, दृष्टी नाही. उजवीकडचे दोन पाय तुटलेले, कारण अज्ञात. जिवंतपणीचा रंग, अज्ञात.

"अबोलीचा," कमळाबाई म्हणाली.

त्यांनी वर बघितलं.

"रंग. वर आला तेव्हा अबोलीच्या फुलासारखा होता. रघू म्हणाला, आई, तुझ्या वेणीतली अबोली असते ना, अगदी तशी. संध्याकाळपर्यंत जिवंत होता. रघू बादलीतलं पाणी बदलत होता, गार पाणी घालत होता, पण वरचं पाणी त्याला मानवलं नाही. आणि पाय तुटले ते सोडवताना. सगळ्या पायांनी तारेला मिठी मारून बसला होता. खलाशांनी ओढला तर दोन पाय तारेवरच राहिले, पण त्यानं आपण होऊन सोडलं नाही."

गोपीनाथरावांनी पोराला विचारलं होतं, किती वावांवरून आला, तळाला वाळू होती की चिखल. तो जिवंत कसा दिसत होता, हे विचारायचं त्यांना सुचलंच नव्हतं. चुलीपुढे बसलेल्या आईनं विचारलं आणि पोरानं आईला सांगितलं. त्यांनी अज्ञात हा शब्द दोन्ही ठिकाणी खोडला आणि तिनं सांगितलं तसं लिहिलं.

"नाव?"

"रघूचं दिलंय."

"त्याला तुमचं द्यायचं होतं."

"मी आहे अजून," गोपीनाथराव म्हणाले.

ती सुपातले तांदूळ निवडत राहिली. मग खाली बघतच म्हणाली, "त्या मेल्याला धरायला तार तरी होती हो. माझ्या बाळाच्या हाताला काय लागलं असेल?" आणि मग ती रडली, वर्षाचं साठलेलं, सूप मांडीवरून घरंगळलं तरी थांबली नाही. गोपीनाथरावांनी कागद बाजूला सारला आणि तेही रडले. डॉक्टर असून त्यांच्याजवळ त्यावर काही औषध नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या अंगणात दर्भ पसरला गेला. मुरबाडकडच्या रानातून पळसाच्या पानांचे भारे आले होते. देठ मोजून वेगळे काढलेले. बाळंभट सांगत होते आणि गोपीनाथराव मांडत होते. इतके छातीला, इतके पोटाला, इतके प्रत्येक हाताला, इतके पायाला. लोक हे भराभर उरकतात, पण यांचा हात घाई करेना. खांद्याच्या देठापाशी दंडाचा देठ नीट जुळवून, मनगट कुठे, बोटं कुठे, असं ते मांडत गेले. डाव्या हाताशी आल्यावर ते थांबले. रघूची डाव्या हाताची करंगळी लहानपणी दारात चेंगरून वाकडी झाली होती. त्यांनीच ती बसवली होती आणि ती नीट बसली नव्हती. त्यांनी एक कोवळा देठ निवडला, तो मधे किंचित वाकवला आणि करंगळीच्या जागी ठेवला. बाळंभटांनी ते पाहिलं आणि पुढचा देठ उचलून त्यांच्या हातात दिला.

डोक्याच्या जागी नारळ ठेवला. दातांना डाळिंबाचे दाणे. डोळ्यांना दोन कवड्या लागतात, असं बाळंभट म्हणाले तेव्हा कमळाबाई आतून कवड्या घेऊन आली. रघू लहानपणी आईबरोबर पट खेळायचा त्यातल्या, धुऊन पुसून आणलेल्या. तिनं त्या आपल्या हातानं नारळावर ठेवल्या. मग पुतळा बांधायची वेळ आली तेव्हा तिनं मूठ उघडली. डांबर लावलेल्या दोरीचे तुकडे होते, गाठीसकट. बाळंभट म्हणाले, शास्त्राला लोकरीचा धागा लागतो. तुमचा धागा बांधा आणि हीही बांधा, ती म्हणाली. त्यांनी दोन्ही बांधलं. वर नवं धोतर पांघरलं.

धोतराखाली खरोखरच कुणी निजल्यासारखं दिसत होतं. आळीतली माणसं तिरडी घेऊन पुढे झाली. बाळंभटांनी गोपीनाथरावांच्या हातात विस्तवाचं मडकं द्यायला घेतलं, आणि ज्या माणसानं वर्षभर हा विधी मागितला होता, तो एकदम आडवा आला.

"थांबा," गोपीनाथराव म्हणाले. "आज नको. थोडे दिवस बघू. मकराणचा किनारा लांबलचक आहे, कुठल्या कोळ्यांनी काढला असेल, आजारी असेल, कळवता येत नसेल. थोडे दिवस."

तिरडी धरलेली माणसं जागीच थांबली. कमळाबाई पुढे आली आणि तिनं त्यांचा हात धरला. चारचौघांत तिनं तो कधी धरला नव्हता.

"वर्ष झालं, तो पाण्यात होता," ती म्हणाली. "आज घरी आलाय, अंगणात निजलाय. आता पुन्हा त्याला पाण्यात ठेवू नका."

गोपीनाथराव खाली बसले. माणसांनी तिरडी पुढे सरकवली. पण पळसाच्या देठांना वजन ते किती असणार? चार खांद्यांची काही गरज नव्हती. गोपीनाथराव उठले आणि त्यांनी तो पुतळा दोन्ही हातांवर उचलून घेतला. ओट्यावर गोष्ट ऐकता ऐकता झोपलेल्या रघूला ते उचलून आत न्यायचे, तेव्हा मान लटकू नये म्हणून कोपर त्याच्या मानेखाली घालायचे. आत्ताही त्यांनी कोपर तिथंच घातलं आणि ते खाडीकाठच्या स्मशानाच्या वाटेला लागले.